हरिश्चंद्र गमऱ्यांचे कान

मिरजोळ्याच्या वाटेवरच्या वस्तीत शेजारी म्हणत, की हरिश्चंद्र गमऱ्यांना कान आहेत ते चष्म्याच्या दांड्या अडकवण्यापुरते. त्यांच्या अंगणाला अंगण लागलेली सोनूबाई तर त्याही पुढे जाई. "माणूस सोन्यासारखा, पण सुकं लाकूड. याच्यापुढे वाजंत्री लावा नाहीतर खडी फोडा, सारखंच."

लोकांचं म्हणणं उगाच नव्हतं. लग्नाचा बँड वस्तीत शिरला की हरिश्चंद्र घागर उचलून नळावर जात, आणि घागर भरून वाहू लागली तरी परतत नसत. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरण्याचा मान त्यांचा असे. पण मागचा ताशा जवळ येऊ लागला की त्यांची चाल वाढे आणि झेंडा मिरवणुकीला मागे टाकून एक वळण पुढे निघून जाई. "अहो भाऊ, मिरवणूक इकडे आहे!" पोरं मागून ओरडत. घरात रेडिओ होता, पण तो बातम्यांपुरता. गाणं लागलं आणि गाण्यात ढोलकी वाजली की हरिश्चंद्र उठून बटण फिरवत.

त्यांची मुलगी सीता याच समजुतीत वाढली. कुणाला रंग ओळखता येत नाहीत, तसा आपल्या बाबांना सूर-ताल कळत नाही, एवढंच तिला वाटे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज वाटली तर ती दुसऱ्याच गोष्टीची वाटे. ज्या कॉलेजात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होती, त्याच कॉलेजात बाबा बावीस वर्षं शिपाई होते.

व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर हातोड्याने तासाचे ठोके देणं हे त्यांचं मुख्य काम. ते ठोके इतके सारख्या अंतराने पडत, की कॉलेजसमोरचा घड्याळजी दुरुस्त केलेली घड्याळं त्यांवर पारखून घेई. या गोष्टीचा अर्थ काय असेल, असा प्रश्न बावीस वर्षांत ना घड्याळजीला पडला, ना सीतेला.

इंग्रजीचे फणसळकर सर दर रविवारी सकाळी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत श्रवणवर्ग भरवत. सरांचा स्वतःचा रेकॉर्डप्लेअर, दोन मोठे स्पीकर, आणि पंधरा-वीस श्रोते. त्यांत काही प्राध्यापक, एक डॉक्टर, एक निवृत्त हेडमास्तर, कॉलेजातला कारकून महिपत, आणि सरांनी निवडलेले चार-पाच विद्यार्थी. सीता त्यांच्यात होती. वर्गाची आवड ख्याल आणि नाट्यपदं यांची. पण १९८३ च्या जुलैत सरांनी एक वेगळीच तबकडी आणली. एल्मर हॅडली नावाच्या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाने आपल्या चार साथीदारांसह १९५७ साली दोन दिवसांत वाजवलेली. तिचं नाव 'कॉर्नर टेबल'.

"हा मोठा ताफा नव्हे," सरांनी समजावलं. "क्लॅरिनेट, पियानो, गिटार, एक उभं सारंगीवजा बास आणि ड्रम. पाच माणसं एकमेकांशी बोलत बसावीत, तसं हे संगीत आहे. या चालीला स्विंग म्हणतात. ताल पाळण्यात नाही, तालावर झोके घेण्यात तिची गंमत."

पहिल्या रविवारी या गंमतीचं स्वागत बेताचंच झालं. हेडमास्तर म्हणाले, "फणसळकर, मांजराने मांडणी पाडली, की हे रेकॉर्डिंग आहे?" डॉक्टर पहिल्या बाजूच्या मध्यावर झोपले आणि तबकडी उलटताना जागे होऊन त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. सर खचले नाहीत. या तबकडीचं तिच्या देशातही असंच झालं होतं, असं त्यांनी सांगितलं. निघाली तेव्हा समीक्षकांनी तिला शिळं ठरवलं, कारण तोवर नव्या रीतीचं संगीत आलं होतं. दहा वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाने लिहिलं, की ही चूक होती, हे अभिजात काम आहे. मग सगळेच तसं म्हणू लागले. त्या समीक्षकाचा सगळा भर ड्रमवाल्यावर, लू डॉबिनवर होता. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच हात, एकच श्वास, असं त्याने लिहिलं होतं.

त्याच वाक्यावर सरांनी सहा महिने खपून मुंबईच्या एका मासिकासाठी लेख सिद्ध केला. तिसऱ्या रविवारी ते तो वर्गात वाचणार होते. आधी लेख, मग दोन्ही बाजू.

रविवारचा चहा हरिश्चंद्र आणत. कपांच्या पसाऱ्यासकट ते नेमके मध्यंतरात येत, म्हणजे तबकडी फिरत नसे तेव्हा. त्या दिवशी मात्र लेख लांबला, वेळ चुकली, आणि पहिल्या बाजूचे शेवटचे दोन तुकडे संपेपर्यंत ते किटली घेऊन दाराबाहेर उभे राहिले. जाणार कुठे? चहा निवला असता. बाजू संपली तशी ते आत आले आणि कप भरू लागले. सरांनी घाईने दुसरी बाजू लावली.

डॉक्टरांचा कप भरून वाहू लागला. बशी भरली. चहा टेबलावरून डॉक्टरांच्या धोतरावर उतरला, तेव्हा ते ओरडले, "अहो गमरे!"

हरिश्चंद्रांनी किटली सरळ केली. "माफ करा, डॉक्टरसाहेब. माणूस बदलला म्हणून बघत राहिलो."

"कुठला माणूस?" सरांनी विचारलं.

"वाजवणारा, सर. मघाचा उठला. हा दुसरा कोणी बसलाय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हेडमास्तर हसले आणि त्यांच्यामागून सारा वर्ग हसला. सीतेने मान खाली घातली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्यांना ढोलकी आणि डबा यांतला फरक कळत नाही, ते बाबा फणसळकर सरांना ताल शिकवायला निघाले होते, तेही सरांनी लेख वाचलेल्या दिवशी.

सर चांगले होते. त्यांनी तबकडी थांबवली, वेष्टन उचललं आणि बोट ठेवून दाखवलं. "गमरे, इथे ड्रमपुढे एकच नाव छापलंय."

"छापलं असेल, सर."

"मग दुसरा आला कुठून?"

हरिश्चंद्रांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. बोलावं की नाही, हे ठरवताना ते तसंच करत. "पहिल्या बाजूचा माणूस अंगाने जड आहे. त्याचा डावा हात पडतो वेळेवर, पण पडल्यावर उठत नाही लवकर, म्हणून आवाज मागे रेंगाळतो. हा हडकुळा. ठोका टाकतो आणि हात काढून घेतो, तापल्या तव्यावरून काढावा तसा. आणि दुसऱ्याच्या जागी बसलाय, म्हणून सांभाळून वाजवतोय. स्वतःच्या वाद्यावर माणूस असा अवघडत नाही."

आता कुणी हसलं नाही. पण विश्वासही कुणी ठेवला नाही. सर हसतमुखाने म्हणाले, "हे सिद्ध कसं करायचं?"

तेव्हा महिपत उठला. महिपत पालीच्या पुढच्या गावचा. गमऱ्यांचं मूळ गावही तेच. हरिश्चंद्रांबद्दल त्याला खरोखरच माया होती, आणि पुढचं सगळं त्याने त्या मायेपोटीच केलं.

"सर, सिद्ध तो करील! वाजवून दाखवील. तुम्हाला ठाऊक नाही, हा भिवाचा मुलगा. आमच्या ग्रामदेवतेची पालखी भिवाच्या ढोलाशिवाय जागची हलत नसे. आणि बापापेक्षा हा सवाई! शिमग्यात याचा हात चालला की आमचे म्हातारे लाकडी खांबासारखे उभे राहायचे. हरिश्चंद्र, अरे लाजतोस काय? दाव या मंडळींना."

सीतेला वाटलं, महिपतकाका दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत आहेत. तिने बाबांकडे पाहिलं. ते नाही म्हणत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. हे खरं आहे, एवढंच तिला कळलं. एकोणीस वर्षं एका घरात राहून आपल्याला हे ठाऊक नाही.

सरांनी उत्साहाने टेबलावरचे कागद बाजूला केले. "या, गमरे. या लाकडावर बोटांनी दाखवा. पहिला कसा, दुसरा कसा."

सगळ्या माना वळल्या. हरिश्चंद्रांचा उजवा हात किटलीच्या कानावर होता. त्याची बोटं एकदा उघडली आणि पुन्हा मिटली. मग त्यांनी रिकामे कप एकात एक घातले, ट्रे उचलला आणि म्हणाले, "सर, खोली झाडायचीय. मंडळी उठली की निरोप द्या."

ते गेले, आणि निकाल लागला. "बोलायला काय जातं!" हेडमास्तर म्हणाले.

सोमवारपर्यंत ही गोष्ट कॉलेजभर झाली. एखाद्या प्राध्यापकाच्या जागी दुसरे तासावर आले, की मागच्या बाकावरून आवाज येई, "माणूस बदलला, सर!" हरिश्चंद्र व्हरांड्यातून जाताना मुलं बाकावर बोटं आपटून विचारत, "गमरेकाका, हा जड की हडकुळा?" ते तसेच पुढे जात. रुळाच्या तुकड्यावर ठोके मात्र पूर्वीसारखेच पडत. आता सीता ते ऐके तेव्हा तिच्या अंगावर काटा येई. अकरा ठोके, आणि अंतरात सूतभर फरक नाही. इतकी वर्षं हे तिच्या कानांवर पडत होतं. मग कान नव्हते ते कुणाला?

आठवडाभर ती बाबांशी बोलली नाही. पुढच्या रविवारी दुपारी ते अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते, तेव्हा तिला राहवलं नाही.

"तुम्ही खोटं बोललात का बाबा?"

"न्हाय."

"मग दाखवलंत का नाही? दोन मिनिटांचं काम होतं. सगळं कॉलेज मला हसतंय."

हरिश्चंद्रांनी काथ्याची गाठ मारली. आई, कमलाबाई, भांडी घासताना थांबली. तिला सगळं ठाऊक होतं हे तिच्या थांबण्यावरूनच सीतेला कळलं.

"शिमग्यात पालखी घरोघर फिरायची," हरिश्चंद्र म्हणाले. घरात ते गावाकडचं बोलत. "ढोल आमचा. मी, माजे आबा नि चुलता. एकाचा हात भरला की चालता चालता दुसऱ्यानं काठी घ्यायची. ठोका चुकता कामा नये. गावाला कळायचं न्हाय माणूस बदलला तो. पण माज्या आयला कळायचं. अर्धा कोस लांब, वस्तीवर बसून ती सांगायची, आता हरीचा बा वाजवतोय, आता हरी. ज्याचा हात उतरला, त्याची भाकरी तव्यावर टाकायची. ते मी तिच्याकडनं शिकलो."

"महिपतकाका म्हणाले, तुम्हाला मान होता."

"ढोलाला व्हता गो. ढोलाला हार घालायचे, कुंकू लावायचे. आमाला जेवण अंगणाच्या बाहेर, पानावर वरून टाकलेलं." ते हे अगदी सपाट आवाजात सांगत होते, बाजाराची यादी सांगावी तसं. "धम्म घेतला, त्यानंतरचा पहिला शिमगा सत्तावन्नचा. आबा म्हणाले, आता वाजवायचं न्हाय. गाववाले आले. आधी विनवण्या, हार, नारळ. मग विहीर बंद, शेतातलं काम बंद. आबांनी ढोल कातळावर नेला आणि माज्या हातात कुऱ्हाड दिली. म्हणाले, तूच फोड. तुजा हात चांगला हाय, म्हणून तूच."

सीता उभी होती ती पायरीवर बसली.

"मी फोडला. एका घावात फुटला न्हाय. त्याच्यावर माजा हात ठेवून आबांनी माज्याकडनं वदवून घेतलं, की दुसऱ्याच्या सांगण्यावरून ह्यो हात परत वाजवायला उठणार न्हाय."

मग सीता हट्टाने म्हणाली, "पण टेबल म्हणजे ढोल नव्हे. आणि फणसळकर सर म्हणजे गाव नव्हे."

"टेबल ढोल नव्हे. पण सांगितलं की उठून वाजवायचं, हे तेच."

"आणि तुम्हाला स्वतःला? कधी वाटत नाही?"

हरिश्चंद्रांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "ऐकू आलं की हात हलतात. म्हणून तर नळावर जातो."

सीतेला रात्रभर घागर दिसत राहिली. भरून वाहणारी, आणि तिच्याजवळ दोन्ही हातांनी नळ घट्ट धरून उभे असलेले बाबा.

दुसऱ्या दिवशी तिने सरांकडून वेष्टन मागून घेतलं, त्यावरचा कंपनीचा न्यूयॉर्कचा पत्ता उतरवला आणि पत्र लिहिलं. बाबांची बाजू बाबा मांडणार नव्हते, तर ती कुणीतरी मांडायला हवी होती. इंग्रजी शुद्ध असावं म्हणून तिने ते चारदा लिहिलं. दुसऱ्या बाजूला ड्रम कोण वाजवतं, एवढाच प्रश्न. सोबत बाबांनी केलेलं जड आणि हडकुळा हे सगळं वर्णन. कुणाला सांगितलं नाही. सरांचा लेख सप्टेंबरात छापून आला, त्यावर कौतुकाची पत्रंही आली. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. कॉलेजातली चेष्टा शिळी झाली. सीतेने आशा सोडली.

जानेवारीत पाकीट आलं. कंपनीने तिचं पत्र त्या पाचांतल्या बासवाल्याकडे धाडलं होतं. तो आता बहात्तर वर्षांचा होता, आणि त्याचं अक्षर कापरं होतं. सीतेने पोस्टमनसमोर उभ्या उभ्या वाचलं.

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या वेळी, डॉबिन तापाने फणफणला होता. स्टुडिओचा दिवस वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या क्लबातून एक पोरगा आणला. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्यामुळे नाव छापता आलं नाही. आम्ही पाच जणांनी ते कुणाला न सांगायचं ठरवलं. डॉबिनचं वजन अडीचशे पौंड. तो पोरगा काठीसारखा बारीक, आणि डॉबिनच्या वाद्यावर वाजवायला घाबरलेला. दोघेही आता नाहीत. सव्वीस वर्षं मोठमोठे लोक या तबकडीवर लिहीत आले. हे कुणी ओळखलं नाही. तुमचे वडील कोण आहेत?

सीता ते पत्र घेऊन सरांकडे गेली. सरांनी ते उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आपला लेख चुकला, याचा तो धक्का होताच. पण थोड्या वेळाने ते वेगळंच बोलले. "ते खरं सांगत होते, आणि मी त्यांना टेबल वाजवायला सांगितलं."

सीतेला वाटलं, सरांना कळलं. पण तिने शिमग्याची गोष्ट त्यांना सांगितली नाही. ती बाबांची होती. न सांगण्याची ही चूक तिला आठवड्याभराने उमगली.

स्नेहसंमेलनाचा शेवटचा दिवस. सभागृह भरलेलं. वस्तीतून सोनूबाईसकट दहा-बारा जण आले होते. त्यांना फक्त सत्कार आहे एवढंच ठाऊक होतं. हरिश्चंद्र धुतलेला खाकी गणवेश घालून पहिल्या रांगेत कमलाबाईशेजारी बसले होते. सरांनी आधी पत्र वाचलं, इंग्रजीतून आणि मग मराठीतून. "माझा लेख चुकीचा आहे, आणि गमरे बरोबर आहेत," असं त्यांनी प्राचार्यांसमोर, सगळ्या कॉलेजसमोर म्हटलं. सोनूबाईचा पदर तोंडावर गेला तो तिथेच राहिला. मागच्या बाकांवर बोटं आपटणारी मुलंच आधी उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. हरिश्चंद्रांनी चष्मा काढून पुसला.

मग पडदा सरकला.

रंगमंचाच्या मधोमध, चौरंगावर, एक ढोल होता. महिपतने तो मुद्दाम गावाहून एस.टी.च्या टपावर घालून आणला होता. ढोलाला झेंडूचा जाड हार. शेजारी ताम्हणात शाल आणि नारळ. ते वादन झाल्यावर द्यायचे, असं ठरलं होतं. महिपत विंगेत उभा राहून आनंदाने रडत होता.

सीता उठू लागली, पण उशीर झाला होता. सर पायऱ्या उतरून खाली आले, हरिश्चंद्रांपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"गमरे, त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, ते चुकलं. आज सांगत नाही. आज आम्ही सगळे तुम्हाला विनंती करतो."

हरिश्चंद्र उठले. त्यांनी आधी ढोलाकडे पाहिलं, नीट, चामड्याची वादी कशी ताणली आहे तेही पाहून घेतलं. उजव्या हाताची बोटं उघडली. मग ती बोटं मिटली, आणि ते सरांकडे वळून, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, घरी बोलत तसंच बोलले:

"हार तवासुद्धा ढोलालाच असायचा, सर. मी वाजवणार न्हाय."